उद्यानांच्या जागा आधी ताब्यात घ्या

संपादक महोदय,

पुण्यात २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या २३ गावांसाठी पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) केलेला प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने २०२५ मध्ये रद्द केला. त्याविषयी तक्रारी इतक्या होत्या की तो गेल्याचे मला दुःख नाही. पण आराखडा नाही म्हणून बांधकामे थोडीच थांबतात? नऱ्हे, सूस, मांजरी, वाघोली, कुठेही जाऊन पाहा. नवा आराखडा महापालिका करो की पीएमआरडीए, तो होईपर्यंत मैदानाचे आरक्षण टाकायला सलग जागा उरली पाहिजे.

नऱ्ह्यात आमच्या इमारतीमागे पोरे रिकाम्या प्लॉटवर क्रिकेट खेळतात. विटांचे स्टंप, टेनिसचा चेंडू. एक दिवस प्लॉटला निळे पत्रे लागतात, दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो आणि पोरे विटा उचलून पुढच्या प्लॉटवर जातात. आता पुढचा प्लॉट म्हणजे बायपासचा सेवा रस्ता. मोठे उद्यान म्हणावे तर सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान. ते सुरेखच आहे, पण तिथे चेंडू न्यायचा नसतो आणि आठ वर्षांच्या मुलाला एकटे पाठवता येत नाही.

केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी. नकाशावर हिरवा रंग भरून हा हिशेब जुळवता येतोही. अडते ते पुढे. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत की आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. दहा वर्षे जमीन अडकवून ठेवल्यावर कोणीही नोटीस देईल. टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणावे, तर त्याचा भाव पडलेला असताना त्याला रोख पैसे हवे असतात, आणि उड्डाणपुलाला निधी मिळतो तसा मैदानाच्या जागेला मिळत नाही.

सोसायट्यांच्या आत दहा टक्के मोकळी जागा असतेच, असे उत्तर मिळते. तो नियम ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना. आमच्याकडे बहुतेक बांधकाम गुंठा-दोन गुंठ्यांवरचे, तिथे हा प्रश्नच येत नाही. मोठ्या सोसायटीतली बाग फाटकाआड, वॉचमन बाहेरच्या पोरांना आत सोडत नाही. (सोडले तर सभासद ओरडतात, हेही खरे.)

म्हणून नव्या आराखड्यात सुरुवात गायरानापासून करावी. ती जमीन सरकारचीच, तिला भूसंपादनाचा खर्च नाही. नाहीतर कार्यालय, डेपो, कचरा प्रकल्प असे तुकडे पडत ती संपते आणि मैदानाची आठवण शेवटी होते. ओढ्याकाठच्या पट्ट्यांत बांधकाम होऊ नये हे पुरानेच शिकवले आहे. तिथे झाडे आणि पायवाट पुरे, कारंजी नकोत. कारंजी पहिल्या वर्षी चालतात, मग हौदात डास होतात. तेवढ्या पैशात सपाट केलेली जमीन, सावली, नळ आणि बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह होईल. दुपारी फाटकाला कुलूपही नको. कामावर निघालेली माणसे घटकाभर टेकायची ती तेव्हाच.

अंदाजपत्रकात उद्यान-मैदानांच्या भूसंपादनासाठी स्वतंत्र तरतूद हवी आणि ती दुसरीकडे वळवायची मुभा नको. शिवाय हरकती-सूचना मागवताना प्रत्येक आरक्षणाचा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि ताब्याची सद्यस्थिती यांची गावनिहाय यादी मराठीत प्रसिद्ध करावी. शहराच्या जुन्या हद्दीतल्या आरक्षणांचीही अशीच यादी द्यावी, म्हणजे किती जागा हाती आल्या आणि किती सुटल्या ते नागरिकांना कळेल.

आपला,
एक रहिवासी, नऱ्हे, पुणे