सोन्याचं वासरू शेजाऱ्याच्या दारात बांधू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन इस्राएल लोकांची मूर्तिपूजा आणि त्यांना झालेली शिक्षा यावर लेख आला तो मी दोनदा वाचला, माहिती बरीचशी बरोबर आहे पण शेवटी "मूर्ती पुजणारा कुठलाही समाज असाच बुडतो" असं जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. त्या लेखाचा फोटो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि गणपती बसवणाऱ्या शेजाऱ्यांना उद्देशून कोणीतरी नको ते लिहिलं. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, रायगडचा, मराठी माझी मायबोली. आमच्या ग्रंथातली गोष्ट शेजाऱ्याच्या अंगावर फेकलेली मला बघवत नाही.

वासराची गोष्ट बऱ्याच जणांना माहितीये. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे (मोझेस) देवाच्या आज्ञा घ्यायला सीनाय डोंगरावर गेला, ४० दिवस झाले तरी येईना, लोकांचा धीर सुटला आणि त्याचा भाऊ अहरोनाने त्यांच्याच बायकापोरांच्या कानातलं सोनं गोळा करून वासरू केलं. मोशेने खाली येऊन आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या आपटून फोडल्या, वासरू जाळून, कुटून त्याची पूड केली, पाण्यात टाकली आणि तेच पाणी लोकांना प्यायला लावलं, त्या दिवशी सुमारे ३,००० माणसं मारली गेली. भयंकर आहे, मी गुळमुळीत करून सांगणार नाही. पण शिक्षा कोणाला झाली बघा ना, थोड्याच दिवसांपूर्वी "हे सगळं आम्ही पाळू" असं कबूल केलेल्या स्वतःच्याच लोकांना. शब्द देऊन मोडला हा गुन्हा होता.

पुढे इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरने (असिरियाने) इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली आणि ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजा नबुखद्नेस्सराने यरुशलेमचं मंदिर जाळलं. राज्य गेलं, मंदिर गेलं, आणि हे लोक लिहून काय ठेवतात तर आमचंच चुकलं, आम्हीच बआल आणि अशेरा या कनानी देवतांच्या मागे गेलो. हरलेल्या माणसाने स्वतःची झडती घेतलीय ती, दुसऱ्याची नाही.

आणि सगळ्यांचं यावर एकमत होतं असंही नाही. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ४४ व्या अध्यायात मिसरला (इजिप्तला) पळून गेलेल्या बायका त्याला तोंडावर सांगतात की आकाशराणी या देवीला धूप जाळत होतो, तिच्या आकाराच्या पोळ्या करत होतो तेव्हा पोटभर खायला होतं, ते बंद केल्यापासूनच आमचे हाल सुरू झाले. संकट तेच, कारण अगदी उलटं! यिर्मया चिडला, पण त्या बायकांचं बोलणं ग्रंथातून कोणी खोडलं नाही, मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

आता आमोस, आमचा आणखी एक संदेष्टा. तकोवा गावचा हा मेंढपाळ एकेका शेजारी राष्ट्राचा गुन्हा मोजतो. दिमिष्काने (दमास्कसने) इस्राएलच्या गिलाद प्रांताला मळणीच्या लोखंडी यंत्रांनी मळलं, गज्जाने (गाझाने) अख्खी वस्ती कैद करून विकली, अम्मोनने गरोदर बायकांची पोटं फाडली. ही सगळी मूर्ती पुजणारी राष्ट्रं, पण एकावरही त्याने मूर्तीचा आरोप ठेवलेला नाही, आरोप आहे तो क्रूरपणाचा. आणि इस्राएलवर पहिला आरोप कुठला, तर गरिबाला चपलांच्या एका जोडासाठी विकलं.

आमच्या ग्रंथातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात कनानी लोकांच्या, म्हणजे त्या देशात आधीपासून राहणाऱ्यांच्या, मूर्ती फोडा अशी आज्ञा आहे हे मला माहितीये, लपवत नाही. पण त्याच पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र, तारे देवाने इतर राष्ट्रांना वाटून दिलेत असंही आहे. लेखात पहिलं आलं, दुसरं आलं नाही.

आमच्याकडे मंदिर पडल्याच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणतात. आजी दिवसभर पाणीसुद्धा घ्यायची नाही, आदल्या दिवशी वाल सोलत बसायची आणि शेजारच्या काकूही सूप घेऊन सोलायला यायच्या. त्यांच्या घरात देव्हारा होता. मंदिर का पडलं हे आजी त्यांना सांगायची तेव्हा "आपल्या लोकांनी" असं म्हणायची, "तुमच्या" असं कधीच म्हणाली नाही.

आमोसचे पहिले दोन अध्याय छोटे आहेत, एका कॉलमात बसतील. तो लेख जिथे छापला त्याच पानावर ते छापावेत ही कळकळीची विनंती.

आपला एक जुना वाचक,
ठाणे