ब्रेस्टस्ट्रोकमध्ये आधी श्वास सोडायला शिकवा

संपादक महोदय,
स. न.

मराठवाड्यात पुष्कळ मुलं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. भीती मोडते हे चांगलंच, पण मान वर ठेवायची सवय जडते. तलावावर ब्रेस्टस्ट्रोक (पालथं राहून बेडकासारखं पोहणं) करताना तीच आडवी येते. मान वर राहिली की कंबर खाली बसते आणि 25 मीटरमध्येच धाप लागते.

पालकांना वाटतं, दम कमी पडतो. बहुतेकदा कारण उलटं असतं. मूल पाण्याखाली श्वास रोखून धरतं. डोकं वर आल्यावर त्याच क्षणात हवा सोडायची आणि घ्यायचीही असते, त्यामुळे आत जाते ती अर्धीमुर्धी. म्हणून तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सावकाश बुडबुडे सोडत राहावेत. हात आत वळू लागले की उरलेली हवा फुंकून टाकावी. तळहात हनुवटीखाली आले की खांदे आपसूक वर येतात, तेव्हाच तोंडाने झटकन श्वास घ्यावा. हनुवटी उचलायची नाही, नजर पुढच्या पाण्यावर. हात पुढे जाताना डोकं खाली, मग लाथ आणि क्षणभर सरळ घसरणं. हात बरगड्यांपर्यंत ओढले तर श्वासाची वेळ हुकते.

सरावासाठी उथळ भागात कठडा धरून चार आकडे मोजेपर्यंत बुडबुडे, एका आकड्यात श्वास. तो जमला की दोन लाथांमागे दोन्ही हातांची एकच ओढ.

उन्हाळी शिबिरांच्या संयोजकांना कळकळीची विनंती: पहिले दोन दिवस फक्त एवढंच घ्या. अंतर मोजायची घाई नको.

आपले,
काही जलतरण प्रशिक्षक, परभणी