दशावतारातली पेटी ऐकू येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मिरजेत पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो. वडील हेच काम करत. माघात हातातली कामं उरकून मी आणि बायको आंबोली घाटाने वेंगुर्ल्याकडे उतरलो. निमित्त कादंबरीकार वि. स. खांडेकरांचं. ते मूळचे आमच्या सांगलीचे, १९२० साली वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथेच शिकवत राहिले. पुढे ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ते झाले, पण त्यांचा हात लिहिता झाला तो त्या गावात. बायकोने त्यांच्या कादंबऱ्या कॉलेजात असताना वाचलेल्या, त्यामुळे शिरोडं बघायचंच असा तिचा हट्ट होता.

शिरोड्याची मिठागरं अजून आहेत. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे गाव. भरतीचं पाणी चरांतून वाफ्यांत घेतात, उन्हावर आटवतात आणि लाकडी फळीने मीठ कडेला ओढून रास करतात. एक बाई भर उन्हात ते करत होत्या. फळी मिठावरून फिरली की खरखर आवाज येतो, आणि तेवढाच आवाज सगळ्या शिवारात. पलीकडच्या उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे चोच खुपसत फिरत होते. वेळागरच्या किनाऱ्याला सुरूची बनं आहेत, तिथे वारा वेगळाच बोलतो. वाटेवर काजूला मोहोर होता, त्याचा वास गाडीतही येत होता. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या मात्र शिरोड्यात चहापुरत्या थांबतात आणि निघतात, याचं मला फार वाईट वाटलं.

जवळच आरवली, लेखक जयवंत दळवींचं गाव. वेतोबाच्या देवळात नवसाच्या भल्यामोठ्या चामडी चपला ठेवलेल्या असतात आणि केळ्यांचे घड वाहिलेले असतात. रात्री वेतोबा गावात फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, ही तिथली श्रद्धा. दळवींच्या लेखनातली माणसं कुठून आली हे त्या देवळाच्या पायरीवर बसलं की कळतं. वायंगणीजवळचा कोंडुराही पाहिला. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबरीला याच जागेचं नाव आहे. त्यांचा जन्म वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राईतला. पुढे कुडाळला त्यांच्या घरची खानावळ होती. कोंडुऱ्याच्या खडकांवर लाट आदळते तेव्हा खर्जाचा आवाज येतो. आदळून मागे सरते तेव्हा दुसरा, बारीक. सवयीने मी तिथेही सूर शोधत बसलो. संध्याकाळ झाली तरी उठवेना.

हे सगळं लिहिलं ते पुढच्या गोष्टीसाठी. त्याच मुक्कामात जवळच्या एका गावच्या जत्रेत आम्ही दशावतार, म्हणजे तिकडचं रात्रीचं लोकनाट्य, पाहिला. बारा वाजून गेल्यावर सुरू झाला. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, काळ्या वेषातला संकासुर, मग आख्यान. या खेळाला लिहिलेली संहिता नसते. गोष्ट ठरलेली, संवाद नटाच्या तोंडी त्या क्षणी येतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज, बस्स. आपल्या नेहमीच्या पेटीत एक हात भात्यावर अडकतो. पायपेटीचा भाता पायांनी चालतो, म्हणून वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. नटाने पदासाठी श्वास घ्यायच्या आत पेटीवाल्याने सूर देऊन ठेवलेला असतो. मृदंगवाला डाव्या बाजूला ओली कणीक थापत होता, बोटाने चाचपत होता, पुन्हा थोडी लावत होता. एवढी निगा! खेळ सुरू व्हायच्या आधी, देवळाच्या सभामंडपात, ही पेटी आणि हा मृदंग मी माईकशिवाय ऐकले आणि अंगावर काटा आला.

खेळ सुरू झाला आणि ते सगळं गेलं. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच स्पीकर, आवाज पूर्ण चढवलेला, वर एको. पेटीचा एक सूर संपायच्या आत मागचा परत येऊन त्याच्यावर पडत होता. मृदंगाचे बोल ओळखू येत नव्हते, नुसता दणका. नटाला पेटी ऐकू येईना, त्यामुळे तो पट्टी सोडून ओरडायला लागला. गळा चांगला होता हो त्याचा. समोर असतील दोन-तीनशे माणसं. पुढची कानावर हात ठेवून बसलेली, मागची खाज्याच्या दुकानांकडे पांगलेली. संकासुराचे मालवणीतले टोले मला अर्धेसुद्धा कळले नाहीत, आणि ते मालवणी असल्यामुळे नव्हे.

लेखकांच्या नावाने स्मारकं होतात, चांगलंच आहे. पण दळवींनी, खानोलकरांनी ज्या मुलखाची बोली आणि रात्री कागदावर आणल्या, तो मुलूख जिवंत ऐकायची जागा म्हणजे हा खेळ. म्हणून जत्रा कमिट्यांना हात जोडून विनंती आहे. एको बंद ठेवा. माईक नटांपुरता वापरा. पेटी-मृदंगाला द्यायचाच तर हातभर लांबून एक पुरे. एक लहान स्पीकर नटांकडे तोंड करून ठेवा, म्हणजे त्यांना पेटी ऐकू येईल. जनरेटर देवळामागे न्या. याला जास्तीचा खर्च नाही, झाला तर कमीच होईल. आणि या वाटेने गोव्याला जाणाऱ्यांनी एक रात्र वेंगुर्ल्यात किंवा शिरोड्यात काढावी. जत्रा कुठे आहे ते चहाच्या टपरीवरही कळतं.

माझ्याकडून होण्यासारखं एक आहे. खाऱ्या हवेत पेटीच्या पितळी सुरांवर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पातळ पात्यांवर, हिरवट थर चढतो आणि सूर उतरतो. त्या रात्रीच्या पेटीतला मधला गंधार असाच उतरलेला होता. पावसाळ्यात खेळ बंद असतात. त्या दिवसांत दशावतारी मंडळींनी आपली पेटी मिरजेला पाठवावी, मी मजुरी न घेता साफ करून सूर लावून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. कुणी विचारलं तर कृपया कळवावा.

आपला,
एक पेटी दुरुस्त करणारा, मिरज