रेफरची वही कोणी मागितलीच नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक मोठे नेते पाहणीला येऊन गेले. पक्ष लिहीत नाही, तीस वर्षांत सगळ्याच पक्षांच्या पाहण्या पाहून झाल्या आहेत. मी त्या दिवशी बीपीच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो, म्हणून सगळा सोहळा बाकड्यावर बसून बघायला मिळाला.

फाटकापासून पायरीपर्यंत चुन्याच्या दोन रेघा ओढलेल्या. बायकांच्या वॉर्डात चार कूलर. त्यांच्या पाठीवर मंडपवाल्याचे नाव रंगवलेले होते, ते भिंतीकडे फिरवून ठेवले होते. साहेब दहाला येणार होते, आले पाऊणला. तोवर ओपीडी ठप्प, कारण केसपेपरच्या खिडकीवरचा मुलगाही हार घेऊन रांगेत उभा. माझ्या शेजारी बसलेली आजी म्हणाली, ‘मंत्री येई तव्हय येई, मना गुडघा थांबस का रे भाऊ?’ (साहेब मंत्री नव्हते. पण आमच्याकडे पाच गाड्या एकामागे एक आल्या की मंत्रीच.)

पाहणी वीसेक मिनिटे चालली. एका बाळंतिणीला साहेबांनी विचारले, ‘औषधं मिळतात ना?’ तिने तोंड उघडायच्या आत मागून कोणीतरी म्हणाले, ‘मिळतात साहेब, सगळी मिळतात.’ फोटो झाला. मग सोनोग्राफी मशीनची फीत कापली. सूर्य कलायच्या आत मंडपवाल्याचा टेम्पो आला आणि चारही कूलर चढवून घेऊन गेला. बाहेर त्या दिवशी ४४ अंश होते.

साहेबांनी एक वही मागायला हवी होती, रेफरची, म्हणजे कोणाला मोठ्या दवाखान्यात पाठवले आणि का, ते लिहायची. ती मी पाहिली आहे, कारण तिच्यात माझी सही आहे. त्याच्या आदल्या पावसाळ्यात कपाशी निंदताना शेजाऱ्यांच्या मुलाला घोणस चावली. मोटरसायकलवर मध्ये बसवून अर्ध्या-पाऊण तासात आम्ही त्याला दवाखान्यात आणले. घोणसेच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. ते तपासायला मशीन लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, गोठले नाही तर विष भिनले. डॉक्टरांनी ती तपासणी केली, रक्त पाण्यासारखे राहिले. पण सापाच्या विषावरची लस, जी नाग, मण्यार, घोणस, फुरसे चौघांवर चालते, तिच्या पहिल्या डोसाला साधारण दहा कुप्या लागतात आणि कपाटात चार होत्या. चार दिल्या आणि जळगावला रेफर केले. १०८ दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, ती परत यायला तास गेला. पोरगा वाचला, पण किडनीवर परिणाम होऊन डायलिसिस करावे लागले. सोयाबीन आणि एक बैल त्यात गेला.

सोबतचा माणूस म्हणून सही करताना मी ते पान वाचले. ‘रेफरचे कारण’ या रकान्यात सर्वांत वर लिहिले होते ‘पुढील उपचारासाठी’. त्याखाली पानभर नुसत्या ,, ,, अशा खुणा. कोणाला लस नाही म्हणून पाठवले, कोणाला भूलतज्ज्ञ नाही म्हणून, काही कळायला मार्ग नाही. त्या दिवशीच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. कंत्राटी मुलगा, सकाळपासून एकटाच ड्युटीवर होता. तीस खाटांच्या दवाखान्यात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग आणि भूल देणारे असे पाचही तज्ज्ञ असावेत, हा केंद्राचाच निकष आहे. आमच्याकडे पाट्या पाचही आहेत.

फीत कापलेल्या मशीनवर अजून प्लास्टिक आहे. १९९४ च्या गर्भलिंगनिदान कायद्यामुळे पात्रता असलेला, नोंद झालेला डॉक्टर असल्याशिवाय ते मशीन चालवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग आधी डॉक्टर आणावा की आधी फीत? माझ्या सुनेला मशीन दारात असून बाहेर पाठवले, हजार रुपये गेले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरही फुकट आहे, ही चांगलीच गोष्ट. पण फुकट केसपेपर हातात घेऊन माणूस बाहेरच्या सेंटरला जात असेल तर काय उपयोग?

धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. म्हणून की काय, तालुक्याच्या दवाखान्याचे काम चिठ्ठी लिहून देणे एवढेच उरले आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर झोळी करून माणूस खाली आणावा लागतो, त्यांच्यापुढे आमचे गाऱ्हाणे लहान आहे हे मान्य. पण झोळीतला माणूसही आधी तालुक्यालाच येतो.

तर साहेबांना आपल्या वृत्तपत्रातून एवढेच कळवावे. पुढची पाहणी श्रावणात ठेवा, रात्री अकरानंतर, कोणाला न सांगता. रक्त गोठते की नाही हे नळीत बघायची पाळी अशाच अवेळी येते. हार नको, कूलर नको. रेफरची वही सिस्टरांच्या टेबलावर असते, निळ्या पुठ्ठ्याची. ती उघडा आणि त्या ,, ,, खुणांच्या जागी खरे कारण लिहायला लावा.

आपला,
तापीकाठचा एक शेतकरी, जि. जळगाव
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, कृपया छापू नये. दवाखान्यात पुन्हा जायचे आहे.)