'दोष आढळला नाही' आणि वॉरंटी संपली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीआधी मी नाशिकमधल्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममधून २०१८ची पेट्रोल गाडी घेतली. किंमत चार लाख दहा हजार, वॉरंटी सहा महिने. दीड महिना गाडी उत्तम चालली. मग एका दुपारी मुंबई नाक्याच्या सिग्नलला ती आपोआप बंद पडली. वीस मिनिटांनी चावी फिरवली, तर पहिल्याच झटक्यात चालू.

पुढे हे कधी आठवड्यातून दोनदा व्हायचे, कधी तीन आठवडे काहीच नाही. मी शोरूमच्या वर्कशॉपला चार वेळा गाडी नेली. सकाळी नऊला थंड गाडी द्यायची, ती दिवसभर उभी राहायची. संध्याकाळी मेकॅनिक एक चक्कर मारायचा आणि जॉब कार्डावर लिहायचा, 'तपासणी केली, दोष आढळला नाही'. तिसऱ्या वेळी तर माझी तक्रार नुसती 'जनरल चेकअप' अशी लिहिली होती आणि घाईत मी खाली सही केली. ती सही पुढे माझ्याच विरोधात दाखवली गेली.

फेब्रुवारीत कल्याणहून परतताना कसारा घाटाच्या ऐन चढावर इंजिन बंद पडले. मागे ट्रक, शेजारी आई. इंजिन बंद झाले की स्टिअरिंग एकदम जड होते. ब्रेक दोन-तीनदा दाबला की पेडल दगडासारखे कडक होते. कशीबशी गाडी कडेला घेतली. आईने माझा दंड घट्ट धरला होता, गाडी थांबल्यावरही तिने तो बराच वेळ सोडला नाही.

दोष अखेर एप्रिलअखेरीस सापडला, तोही नाशिकच्याच द्वारका परिसरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला. गाडी थंड असताना त्याने तिला हातच लावला नाही. एसी लावून पाऊण तास इंजिन चालू ठेवले, रेडिएटरचा पंखा चार-पाच वेळा फिरू दिला. गाडी बंद पडताच स्कॅनर जोडून स्टार्टर मारला. इंजिन फिरत होते, पण स्क्रीनवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) शून्य. मग त्याने क्रँक सेन्सरवर ओले फडके धरले आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली. इंजिन फिरतेय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळवणारा हा सेन्सर तापला की सिग्नल देत नाही, त्यामुळे ठिणगीही थांबते आणि पेट्रोलही. निवला की पुन्हा ठीक. सकाळी थंड गाडीत हा दोष सापडणार तरी कसा? गरम गाडी तपासा, असे मी चारही वेळा सांगितले होते.

शोरूमचे उत्तर: वॉरंटी नऊ दिवसांपूर्वी संपली. पहिली तक्रार मी दुसऱ्या महिन्यात नोंदवली होती. शोध त्यांना लागला नाही, ते दिवस माझ्या मुदतीतून का जावेत?

जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना १ एप्रिल २०२३पासून परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. त्यामुळे कागदपत्रांची जबाबदारी ठरली, हे चांगलेच झाले. आता वॉरंटीच्या करारातही एक ओळ सक्तीची करावी: मुदतीत नोंदवलेली तक्रार सुटेपर्यंत त्या दोषापुरती वॉरंटी चालू राहील. पालकमंत्र्यांनी आणि प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांनी यात लक्ष घालावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोवर इतरांनी माझ्यासारखे फसू नये म्हणून सांगतो. जॉब कार्डावर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: किती किलोमीटर चालल्यावर, एसी चालू होता का, किती वेळाने पुन्हा सुरू झाली. त्याशिवाय सही करू नका. गाडी बंद पडली की डॅशबोर्डचा व्हिडिओ काढा, त्यात आरपीएमचा काटा आणि पेटलेले दिवे दिसू द्या. स्कॅनरवर दिसणारे दोषाचे कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो मागा. बॅटरीची वायर काढली तरी ते पुसले जाऊ शकतात. आणि वॉरंटीच्या कागदात 'सेन्सर व इलेक्ट्रिकल भाग वगळून' असे बारीक अक्षरांत लिहिलेले नाही ना, हे पैसे देण्यापूर्वीच वाचा.

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दोष किंवा वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली आहे. चार जॉब कार्डे, सात व्हिडिओ आणि इलेक्ट्रिशियनने लिहून दिलेला कागद घेऊन पुढच्या आठवड्यात आयोगात जाणार आहे. नवा सेन्सर मी स्वतःच्या खर्चाने बसवला, कारण आईला दर महिन्याला कल्याणच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते आणि कसारा घाटाला दुसरा रस्ता तिला सोसवत नाही.

आपला,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक