गिटार आली म्हणून परंपरा बुडत नाही

महोदय,

लोकसंगीतात इलेक्ट्रिक गिटार शिरली की परंपरा बुडाली, असा सूर आपल्याकडे हमखास लागतो. अशांनी सहारा वाळवंटातल्या तुआरेग या भटक्या जमातीच्या कलावंतांचा ‘तिनारिवेन’ हा बँड जरूर ऐकावा. त्याचे संस्थापक इब्राहिम अग अलहबीब यांनी लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून पहिली गिटार बनवली होती! माली सोडून अल्जीरिया-लिबियात निर्वासित म्हणून वाढलेली ही पोरं. तुआरेग बायका धान्य कांडायच्या उखळावर बकरीचं कातडं ताणून ‘तेंदे’ वाजवतात, भोवती टाळ्या आणि सामूहिक गाणं. तोच डुलता ठेका या गिटारींखाली स्पष्ट ऐकू येतो. २०१२मध्ये बँडला ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी उत्तर मालीत कट्टरपंथीयांनी संगीतावर बंदी घातली, वाद्यं जाळली. परंपरेवरचा खरा घाला तो होता.

आपल्या पुरवणीत पाश्चात्त्य पॉपला भरपूर जागा मिळते. तिनारिवेन, अल्जीरियातल्या ओरान शहराचं ‘राई’ हे लोकप्रिय संगीत, काँगोची राजधानी किन्शासातली मोटारींच्या भंगारातून ॲम्प्लिफायर जुळवणारी मंडळी, यांच्यावरही एखादं सदर सुरू करावं, ही आग्रहाची विनंती.

– एक संगीतप्रेमी वाचक, सांगली