साडेअकरा वाजता जाऊन बघ

प्रिय सई,

तू पाठवलेले तिन्ही शाळांचे फोटो पाहिले. रंगवलेल्या भिंती, घसरगुंडी, एका ठिकाणी तर माशांची टाकीसुद्धा आहे. पण एकाही फोटोत मोठं माणूस दिसलं नाही. चिऊ रोज सात-आठ तास ज्यांच्या हाती राहणार, ती माणसं मला बघायची होती.

आधी वर्षभर पाळणाघर आणि मग शाळा, की आत्ताच शाळा, असं तू विचारलंस. पावणेतीन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मला ही विभागणीच पटत नाही. चड्डी बदलताना ताई "आता हा पाय, आता तो पाय" असं बोलत असेल, तर चिऊ तिथेच आधी-नंतर शिकते, स्वतःचं स्वतः करायला शिकते. तेच काम मुकाट्याने, ओढून-ताणून उरकलं तर यातलं काहीच होत नाही. माँटेसोरीबाईंचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ला रोममधल्या एका गरीब वस्तीत सुरू झालं, तेही आईबाप कामावर गेल्यावर मागे राहणारी मुलं कुणी तरी सांभाळावी म्हणूनच. सांभाळता सांभाळताच त्यांना मुलं कशी शिकतात ते दिसलं. आज ते नाव कुणीही पाटीवर लिहितं, म्हणून नुसत्या पाटीवर जाऊ नकोस.

तुझ्या पहिल्या बालवाडीबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू सव्वातीन वर्षांची होतीस. तिथे पहिल्याच महिन्यात दुरेघी वही आणि पेन्सिल दिली. तू पेन्सिल मुठीत धरायचीस, मग बाई तुझी बोटं सोडवून त्यांना हवी तशी दाबून बसवायच्या. तू घरी आलीस की उजवा हात फ्रॉकच्या खिशात. जेवायलासुद्धा बाहेर काढायची नाहीस. मला वाटलं, हट्ट करतेस. मी घरीही तुला वही घेऊन बसवलं. हे लिहिताना आजही मला वाईट वाटतं.

चार महिन्यांनी मुलांच्या डॉक्टरांनी मला समजावलं. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चाच असतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली साधारण तीनच हाडासारखी घट्ट होऊ लागलेली असतात. ते म्हणाले, "तिला माती मळू द्या, पाणी ओतू द्या, कागद फाडू द्या. पेन्सिल आपोआप येईल." दुसऱ्या दिवसापासून मी तुला तिथे पाठवलं नाही.

दुसरी शाळा दोन खोल्यांची होती, भिंती साध्या. पहिल्या दिवशी तू दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिलीस. तिथल्या ताई तुला आत ओढायला आल्या नाहीत. त्या येऊन चौकटीपाशी तुझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वाटाणे ओतायला लागल्या. तुझ्याकडे बघितलंही नाही. पाच-सात मिनिटांनी तुझा एक हात सुटला. त्याच उजव्या हाताने तू वाटाणा उचललास.

म्हणून सांगते, सकाळी नऊला शाळा बघायला जाऊ नकोस. तेव्हा सगळे ताजेतवाने असतात. साडेअकराला जा. मुलं दमलेली, भुकेली, कुणाचं तरी भांडण, कुणाची तरी चड्डी ओली. त्या वेळी ताई मुलांशी वाकून बोलते की दुरून ओरडते, रडणाऱ्याला "गप्प बस" म्हणते की "तुला राग आलाय ना" म्हणते, एवढं बघितलंस की पुरे. अर्धा तास बस. बसू देत नसतील तर तिथून उठून ये.

अमेरिकेत मिशिगनमध्ये १९६२पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला, पेरी प्रीस्कूल म्हणून तो ओळखला जातो. काही मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी चांगली बालशाळा मिळाली, बाकीच्यांना नाही. शाळेत गेलेल्यांच्या बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीपर्यंत मागोवा घेतला तेव्हा त्यांचं शिक्षण, नोकरी, कमाई बाकीच्यांपेक्षा बरी निघाली. तिथे पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जायची. इतकं कुणी देणार नाही, मला कल्पना आहे. पण चिऊच्या वर्गात दहा मुलांमागे एक तरी मोठं माणूस हवं, आणि खोलीत एकाच वेळी दोघी हव्यातच, कारण एक मुलाला घेऊन बाथरूमला गेली की बाकीच्यांपाशी कोण?

ताई किती वर्षं तिथे आहेत, हे नक्की विचार. दर तीन महिन्यांनी नवी ताई येत असेल तर चिऊने जीव लावायचा कुणाला? मुलांना न्यायला कोण येऊ शकतं याची यादी ठेवतात का, आणि सुरुवातीचे काही दिवस तुला आत थांबू देतात का, तेही विचार. बाकी अभ्यासक्रमाचं पुस्तक दाखवतील, ते चाळून परत दे.

सोडताना कधीही गुपचूप निघू नकोस. ती रडली तरी सांगून, पापा घेऊन निघ. नाहीतर ती खेळता खेळता सारखी दाराकडे बघत राहील.

परवा फोनवर ती मला म्हणाली, "आजी, तिथे आई नसते." हे तिला कुणी सांगितलं नसेल, तुमच्या दोघांच्या बोलण्यातून तिने उचललंय. पुन्हा म्हणाली तर पाच वाजता येते असं सांगू नकोस, घड्याळ तिला कळत नाही. जेवण, मग झोप, मग थोडा खेळ आणि मग आई, असं सांग. आणि खेळ संपायच्या आत दारात हजर राहा.

तुझी,
आई